चार कागदांचं गाव

आमच्या शाळेत तीन दिवस पिण्याचं पाणी नव्हतं. हातपंप चालू होता, माठ नवा होता, दिवस पावसाळ्याचे होते. पाणी नव्हतं याचं कारण लांजेवार गुरुजी होते.

चौथीच्या वर्गाला त्यांनी परिसर अभ्यासातला सार्वजनिक सोयींचा धडा घेतला होता. घेतला म्हणजे शिकवला नाही. शिकवणं या शब्दाचा मला माहीत असलेला कोणताही अर्थ त्यांना लागू पडत नव्हता. त्यांनी मुलांचे चार गट केले, मधोमध रिकामा माठ ठेवला, रोज कोणी भरायचा ते गटात ठरवा म्हणाले आणि दाराजवळ अंथरलेल्या टाटपट्टीवर लवंग चघळत बसले. मुलांचं ठरेना. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी काही मुलांनी घरून बाटल्या आणल्या, बाकीची हातपंपावर ओंजळ धरून आली. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी दोन कळश्या आणून माठात ओतल्या. गुरुजी उठले, उठताना त्यांचा गुडघा नेहमीसारखा कटकन वाजला, आणि त्यांनी तो भरलेला माठ उचलून बाहेरच्या कडुनिंबाला रिकामा केला.

“मॅडम, तुमी भरून देल्लं तं त्यायचा धडा कोन करंल?”

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. शाळेत दोन शिक्षकांच्या जागा, त्यातली एक रिकामी, म्हणून गावातलीच डी.एड. झालेली मुलगी शाळा समितीने तात्पुरती नेमली, ती मी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. मधली भिंत नव्हती, लाकडी कपाट होतं. त्यामुळे गुरुजींचं न शिकवणं मला वर्षभर ऐकावं लागलं.

मुलांचं का ठरत नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कोणाच्या घरून बाटल्या आल्या आणि कोण ओंजळीने प्यायलं, एवढं पाहिलं तरी पुरेसं होतं. कोणाच्या हातचं पाणी कोणाला चालत नाही, हे त्या मुलांना घरून बाटलीबरोबर भरून मिळालं होतं. गुरुजींनाही ते दिसत असणारच. मग सांगा ना. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे, एवढं फळ्यावर लिहायला खडूचा अर्धा तुकडा पुरला असता. गुरुजींनी तो अर्धा तुकडा उचलला नाही.

चौथ्या दिवशी मुलांचं ठरलं. एकट्याने कोणीच भरायचा नाही. प्रत्येकाने हातपंपावरून एकेक तांब्या आणून ओतायचा. बावीस मुलं, बावीस तांबे. मग कोणतं पाणी कोणाचं ते कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि सगळे प्यायले. गुरुजी खूश झाले, म्हणजे त्यांनी नवीन लवंग तोंडात टाकली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. अन्यायाला नाव न देता त्याच्यावर बावीस तांबे ओतले, असं मी त्यांना म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि तुमचंही बरोबर आहे म्हणाले. हे तर त्यांचं सगळ्यात चीड आणणारं वाक्य होतं.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नवीन गाव मुरमाच्या माळावर आखून मिळालं, सरळ रस्ते आणि आकड्यांचे प्लॉट. बाबा प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यात होते. पवनीच्या छापखान्यातून गठ्ठे यायचे, ते मोजून, दुमडून गावोगाव पोचवायचं काम आम्हा भावंडांचं. पत्रकात प्रत्येक वाक्याला एक बाजू असते. ‘आमची मागणी’ असं ठळक छापलेलं असतं आणि खाली एक, दोन, तीन. गुरुजींच्या वाक्यांना बाजू नव्हती, आकडे नव्हते, कधी कधी शेवटही नसे. त्यात भर म्हणजे बाबांनी उरलेले जुने गठ्ठे शाळेला कोऱ्या पाठीसाठी दिले आणि गुरुजींनी ते कात्रीने कापून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या. पुढे ‘हक्काचं पुनर्वसन’, मागे गुरुजींच्या गोल अक्षरात ‘ग्रामसेवक काय काय करतो’.

या चिठ्ठ्या म्हणजे त्यांचं सगळं भांडवल. शर्टाचा खिसा चिठ्ठ्यांनी कायम फुगलेला. गटातल्या प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी. एकाला तलाठी, दुसऱ्याला सरपंच, तिसऱ्याला पोलीस पाटील. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, वाचून समजून घ्यायची आणि तोंडाने सांगायची. सगळ्यांचं ऐकल्याशिवाय कोणालाच पूर्ण धडा मिळत नसे. गटांना नावं धानाची होती: चिन्नोर, लुचई, दुबराज, हिरानखी. आणि कायदा रोवण्याचा, म्हणजे भातलावणीचा. गुरुजी दिघोरीकडचे, शेतकरी घरातले, त्यांची आई रोवण्याला जायची. धानाच्या बांधीत जिची पात, म्हणजे वाट्याची ओळ, आधी संपते ती बाई बांधावर जाऊन बसत नाही, मागे राहिलेलीची पात लावू लागते, आणि शेवटचीची संपल्याशिवाय पुढच्या बांधीत कोणी उतरत नाही. तेच वर्गात. म्हणून बहुमत हा शब्द त्यांना चालत नसे. हात वर करून मोजणं म्हणजे मागची बाई चिखलात ठेवून घरी जाणं, असं ते म्हणत. लोकशाहीचा धडा शिकवणारा माणूस मतदान होऊ देत नव्हता, हे मी इथे लिहून ठेवते.

त्यांच्या पद्धतीची वरपर्यंत शोभा झाली ती तपासणीच्या दिवशी. साहेब आले, खुर्चीत बसले आणि प्राची नावाच्या मुलीला उभं केलं. प्राची म्हणजे शाळा समितीच्या अध्यक्षांची मुलगी, दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलताना हनुवटी पुढे. साहेबांनी विचारलं, तालुक्याचा प्रमुख अधिकारी कोण? सोपा प्रश्न. प्राची म्हणाली, “थांबा जी, गटाले इचारून सांगतो.” आणि खरोखर वळून खाली बसली. पाच डोकी एकत्र आली, कुजबुज झाली. तिने उठून उत्तर दिलं, ते चुकलं. लेखी चाचणीत तर त्या गटाच्या पाचही वह्यांत तीच चूक, त्याच शब्दांत. साहेबांनी कॉपी म्हटलं आणि शेरा लिहिला की शिक्षकाचे वर्गावर नियंत्रण नाही.

दुसरा कोणी असता तर दोन दिवस जेवला नसता. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी शेऱ्याची वही वर्गात आणली, तो शेरा मुलांना वाचून दाखवला आणि नियंत्रण म्हणजे काय, कोणाचं कोणावर असावं, यावर गटात बोला म्हणाले. मी कपाटाच्या अलीकडे डोक्याला हात लावून बसले. त्यातल्या त्यात चिन्नोर गटाचं म्हणणं मला अजून आठवतं. त्यांच्या मते नियंत्रण म्हणजे बैलाच्या नाकातली वेसण, आणि गुरुजींकडे तेवढी दोरी नाही.

दिवाळीनंतर ‘आपलं गाव’ आलं. पुस्तकात नकाशा कसा काढावा ते दिलं होतं. नवीन गावाचा नकाशा काढायला एक तास पुरला असता, कारण ते नकाशावरूनच बांधलेलं आहे. गुरुजींनी जुनं गाव काढायला लावलं. पाण्याखालचं. मुलांपैकी एकानेही ते पाहिलेलं नव्हतं. गावाचे चार भाग, चार गटांना चार मोठे कागद, शेवटी चारही जोडून शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर रंगवायचे. आणि नियम असा, की आपल्या घरी विचारायचं नाही. आपल्या वाट्याला आलेल्या भागात जे राहत होते त्यांच्याच घरी जायचं आणि जे ते सांगतील तेच काढायचं.

लुचई गटाच्या वाट्याला आमचा मोहल्ला आला. त्या गटात प्राची. शेजारच्या कागदावर गावची मोठी विहीर, चावडी आणि प्राचीच्या वडिलांचं घर. तो भाग दुबराज गटाकडे, ज्यात आमच्या शेजारचा सुजल. म्हणजे अध्यक्षांची मुलगी आमच्या दारात आणि आमचा सुजल अध्यक्षांच्या ओसरीवर.

प्राची आमच्याकडे आली तेव्हा मी घरीच होते. चपला बाहेर काढल्या, खाटेच्या कडेला बसली, आईला मावशी म्हणाली. आईने घरं सांगितली, विहार सांगितला, मोहल्ल्याची विहीर सांगितली, आणि विहिरीपासून मोठ्या विहिरीकडे जाणारी वाट सांगितली. प्राचीने विचारलं, आपली विहीर असताना मोठ्या विहिरीकडे वाट कशाला? आई म्हणाली, एका उन्हाळ्यात आमची आटली होती. पुढे काय झालं, असं प्राचीने विचारलं. आई पदराने हात पुसत उठली आणि म्हणाली, “वाट होती एवढं काढ. बाकीचं तुह्या आबाजीले इचार.” आबाजी म्हणजे तिचे आजोबा.

“घरी इचारायचं नाई, गुरुजी म्हणते.”

“मंग ऱ्हाऊ दे.”

मला सगळं माहीत होतं. माझ्या जिभेवर तयार होतं, एक, दोन, तीन करून. पण शिक्षकांनी सांगायचं नाही हाही गुरुजींचा नियम. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून गेलेला नाही.

कागद जोडण्याचा दिवस आला. चारही कागद जमिनीवर पसरले. लुचईच्या कागदावर आमच्या मोहल्ल्यातून निघालेली वाट कागदाच्या काठापर्यंत ठसठशीत आली होती. दुबराजच्या कागदावर त्याच ठिकाणी घरांची सलग ओळ. वाट काठावर येऊन संपली. दोन्ही गटांनी कागद पुढे-मागे सरकवून पाहिले.

मग भांडण लागलं, आणि ते भांडण ऐकून माझं डोकं फिरलं. कारण आमचा सुजल, ज्याच्या आजीने त्या वाटेवरून पाणी वाहिलं, तो छाती पुढे काढून सांगत होता की वाट नव्हतीच, अध्यक्षकाकांनी स्वतः सांगितलं. आणि अध्यक्षांची मुलगी त्याच्यावर ओरडत होती की वाट होती, मावशीने सांगितलं. मुलांनी दुसऱ्याच्या घरचं सांगणं आपलं केलं होतं. गुरुजी टाटपट्टीवर बसून हे असं पाहत होते जसं काही ते दंडारीचा खेळ बघायला आले आहेत.

तिसऱ्या दिवसापर्यंत बाकीची मुलं कंटाळली. प्राचीच्या गटानेही हात टेकले. वाट खोडून टाकू, रंग आणून ठेवले आहेत, स्नेहसंमेलन जवळ आलं, असं सगळ्यांचं झालं. एकवीस एका बाजूला, प्राची एका बाजूला. ती खोडू देईना. गुरुजींनी नेहमीचं सांगितलं, तिची पात बाकी आहे. उरलेला नकाशा भिंतीवर रंगवला गेला, तलाव, चावडी, देऊळ, विहार, दोन्ही विहिरी, आणि मध्ये दोन हात रुंद पांढरा तुकडा राहिला. स्नेहसंमेलन त्या पांढऱ्या तुकड्यासह झालं. पाहुण्यांनी विचारलं तर गुरुजी सांगत, काम चालू आहे.

अध्यक्ष एकदा शाळेत येऊन गेले. आवाज चढवला नाही त्यांनी. भिंत समितीची आहे, तिथे घरांची ओळ काढून टाका, पोरांच्या भिंतीवर जुन्या गोष्टी कशाला, असं म्हणाले. गुरुजी म्हणाले, हो जी, गटाला सांगतो. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणी माझं आणि त्यांचं गुरुजींबद्दल एकमत होतं.

एका रविवारी मी रंगाचा डबा घेऊन गेले आणि त्या पांढऱ्या तुकड्यात वाट काढली. वाटेवर आडवे काटेही रंगवले. कोणाची पात मागे राहिली असेल तर राहो, सत्य तिच्यासाठी थांबत नाही, असं माझं मत होतं आणि आहे. सोमवारी सकाळी मुलं यायच्या आधी गुरुजींनी त्यावर चुना फिरवला. हातात ब्रश, हात कोपरापर्यंत पांढरे.

मी घरी जाऊन त्यांच्याविरुद्ध पानभर लिहिलं. सत्य पुसणारा शिक्षक, असं वर ठळक. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून परत केलं.

“सारं बराबर आहे, मॅडम. एक शब्द खोटा नाई. आता हे प्राचीले वाचून दाखवा. तिच्या आबाजीचं नाव येते तिथं जरा जोरानं वाचा.”

मी वाचून दाखवलं नाही. दहा वर्षांच्या मुलीसमोर मला ते जमलं नाही, आणि मला ते जमणार नाही हे त्यांना आधीच माहीत होतं, याची मला जास्त चीड आली. गुरुजींनी सगळं बरोबर केलं असं मी आजही मानत नाही. एखाद्या मुलीला पाच महिने एकटं उभं ठेवणं ही पद्धत असेल तर ती क्रूर पद्धत आहे. प्राचीशी वर्गातल्या मुली खेळायच्या बंद झाल्या होत्या. डबा खाताना ती आणि गुरुजी दोघंच समोरासमोर बसलेले मी पाहिले आहेत. तो तिच्या डब्यातली भाजी घ्यायचा, तिला स्वतःच्या डब्यातली द्यायचा आणि वाटेबद्दल एक अक्षर काढायचा नाही. हो, रागात मी त्यांना तो म्हणते.

एप्रिल संपत आला. त्याच महिन्याच्या शेवटी गुरुजी निवृत्त होणार होते आणि चौथीची मुलं आसगावच्या शाळेत पाचवीला जाणार होती. नवीन शिक्षक आले की भिंत पुन्हा रंगवली जाणार हे ठरलेलं होतं. अध्यक्षांनी तसं मला सांगितलंही. आता नाही तर ती वाट कधीच काढली जाणार नव्हती. मी गुरुजींना म्हटलं, शेवटचा आठवडा आहे, निदान आता सांगा. ते म्हणाले, सांगायचं ज्याला आहे त्याने सांगितलं तर बरं. मी म्हटलं, आणि नाही सांगितलं तर? ते लवंग चघळत राहिले. पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा घाबरल्यासारखा दिसला. तोपर्यंत मला वाटत होतं की या माणसाकडे उत्तर आहे आणि तो देत नाही. त्या दिवशी कळलं की त्याच्याकडेही नव्हतं.

निरोपाच्या दिवशी शाळेपुढे मंडप होता. माईक, शाल, नारळ, खुर्च्या. अध्यक्ष धावपळ करत होते. आई मोहल्ल्यातल्या बायांबरोबर मागे बसली होती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी प्राची आली, एका हातात तिच्या आबाजींचा हात. म्हातारा पंच्याहत्तरीच्या पुढचा, काठी टेकत. ती सरळ गुरुजींपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, मी नियम मोडला. घरी इचारलं.”

गुरुजींनी खुर्चीवरून उठून आबाजींना नमस्कार केला.

“बाबाने सांगतलं नाई,” प्राची म्हणाली. “आबाजीनं सांगतलं. ते म्हणते, वाट होती. बोराटीचे काटे टाकून बंद केली. मी म्हटलं, हे तुमीच येऊन दाखवा.”

अध्यक्ष शाल हातात घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी बापाला हळूच, चला बाबा, खुर्चीवर बसा, म्हटलं. म्हाताऱ्याने ऐकलं नाही. तो काठी टेकत भिंतीपाशी गेला. आम्ही सगळेच गेलो. प्राचीने ब्रश घेतला. गुरुजींनी तपकिरी रंगाचा डबा उचलून तिच्या हाताशी धरला. तिने आमच्या मोहल्ल्याकडून रेघ ओढत आणली, पांढऱ्या तुकड्यात शिरली आणि थांबली. बोराटी कुठे होती ते विचारलं.

म्हाताऱ्याने काठीचं टोक भिंतीला लावलं. “इथं. दोन गाड्या टाकल्या होत्या. मीच टाकल्या.”

मंडपात कोणीतरी माईक फुंकून पाहत होतं. मला वाटलं, आता गुरुजींनी बोलावं, आत्ता तरी. आणि मागून माझ्या आईचा आवाज आला.

“तिथं नाई. आखीन अलीकडं.”

“चिंचेच्या पलीकडं होती, बाई,” म्हातारा न वळता म्हणाला.

“चिंचेच्या अलीकडं. घागर घेऊन गेल्ती मी. काटा माह्या पायात मोडला, मले मालूम.”

म्हाताऱ्याची काठी भिंतीवरच राहिली. मग ती हळूहळू सरकली, वीतभर, आमच्या मोहल्ल्याच्या बाजूला. “ते बाई म्हणते तिथं काढ,” तो नातीला म्हणाला.

प्राचीने पहिला काटा काढला. माईकवरून गुरुजींचं नाव पुकारलं, सत्कारमूर्तींनी मंचावर यावं. पुन्हा पुकारलं. गुरुजी हलले नाहीत. डबा तिरपा झाला होता, तपकिरी रंग त्यांच्या मनगटावरून नव्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीत उतरत होता, आणि ते पोरीच्या हातापेक्षा डबा वर जाऊ नये म्हणून गुडघे वाकवून तसेच उभे होते.